कोणालाही ताण देऊ नये

"झाडांना तहान लागली आहे, अन्वी. मी पाणी सोडते."

"नको सोडू! सावली, अगं मी आत्ताच व्हॉल्व्ह बंद केलाय ना!"

"हो, या बाजूचा. म्हणून मी त्या बाजूने सोडते," सावली म्हणाली. तिचा आवाज पाकात मुरलेल्या गुलाबजामासारखा होता, त्यात कधी राग बुडत नसे की तरंगत नसे. "माझ्या आवारात कुणी तहानलेलं राहू नये."

बगिच्यातल्या ठिबकच्या नळ्या सुसकारल्या आणि संत्र्याच्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाणी टपटपू लागलं. अन्वी खासबागे धुऱ्यावर, म्हणजे बगिच्याच्या बांधावर, मटकन बसली. डिसेंबरचं कोवळं ऊन पडलं होतं. समोर झाडं उभी होती, हिरवीगार, गुबगुबीत, लग्नात पोटभर जेवून मांडवातच सुस्तावलेल्या पाहुण्यांसारखी. दोन वर्षं ती अशीच उभी होती. फूल म्हणून नव्हतं एकालाही.

तिच्या मनगटावरची पट्टी कोमट झाली. आता काय होणार हे तिला ठाऊक होतं, आणि ते झालंच. फोन वाजला.

"काय झालं वो माय? तुझा ताण वाढला म्हणते ते सावली."

"काही नाही झालं, आई. तू कुठे आहेस?"

"गेटवर."

"कुठल्या गेटवर?"

"तुह्या कॉलेजच्या. गाडी उभी केली. पाच मिनिटं थांबा म्हणलं पॅशिंजरले."

मागून कुणीतरी खेकसलं, "ओ कंडक्टरबाई, लेकीले भेटाले निघालो का आम्ही? माही दवाखान्याची वेळ चुकून राह्यली!"

"आई, जा. प्लीज जा. मी ठीक आहे."

"ठीक आहे तर ते खोटं कायले सांगते मले?"

अन्वीची आई, स्वप्नाली खासबागे, एसटीत कंडक्टर होती, आणि तिच्या गाडीचा रस्ता विद्यापीठाच्या दारावरूनच जात होता. त्या रस्त्यावरच्या सगळ्या प्रवाशांना आता अन्वीच्या परीक्षा, तिची सर्दी आणि तिचं मैत्रिणीशी झालेलं भांडण तोंडपाठ होतं.

शेंदूरबनच्या फलोद्यान विद्यापीठात सावली ही देखरेखीची यंत्रणा आली तेव्हा सगळ्यांनी तिच्या नावानं सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्या आधीची काही वर्षं वाईट गेली होती. मुलं परीक्षेच्या धास्तीनं आजारी पडत, आणि बगिचे पाण्याच्या चुकीच्या हिशेबानं वाळत. सावलीनं दोन्हीकडे एकच युक्ती वापरली. मुलांच्या मनगटावर पट्टी बांधली, झाडांच्या खोडावर पट्टी बांधली, आणि ती ऐकत बसली.

झाड पाणी पितं म्हणजे ओढतं. पानातून वाफ उडते, तिच्या जागी खालून पाणी वर येतं, आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा एकच अखंड धागा ताणलेला राहतो. माती कोरडी पडली की हा धागा जास्त ताणतो आणि कुठे कुठे तुटतो. तुटताना खोडाच्या आत बुडबुडा फुटतो, टिक्. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, सावलीला येतो. शिवाय खोड दिवसा केसभर आकसतं आणि रात्री केसभर फुगतं, तेही तिला कळतं. माणसाची नाडी आणि झाडाचं खोड, दोन्ही तिला सारखीच. कुठे ताण दिसला की ती धावलीच. पहिल्या वर्षी अन्वी प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली होती, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीला कळायच्या आत सावलीनं डॉक्टरला बोलावलं होतं. आई तेव्हापासून सावलीची झाली.

पण संत्र्याची गोष्ट वेगळी आहे. संत्र्याला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही.

हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा मोहोर, धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडायचं. पानांचा तजेला जातो, झाड कोमेजतं, थोडी पानं गळतात. नवी पालवी काढायचं ते थांबवतं. वाढीचा रस मंदावतो आणि काडीकाडीत साखर साठत जाते. आता आपलं काही खरं नाही, आपल्यामागे बी तरी राहू दे, असं काहीसं झाडाच्या मनात येत असावं. मग योग्य वेळी पाणी दिलं की ती सगळी साठवण एकदम फुलून येते. या कामाला मराठीत पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द आहे, ताण देणे. पुस्तकात तोच, बांधावर तोच. आणि या ताणात पाणीही वाचतं. शाश्वत फलोत्पादनाच्या पदवीसाठी अन्वीनं हाच विषय घेतला होता, कमी पाण्यातला आंबिया.

आणि घोळ झाला तो या शब्दानंच. सावली सुरू झाली तेव्हा कुलसचिव कार्यालयातून एक परिपत्रक निघालं. मुलांच्या काळजीपोटी कुणीतरी मनापासून लिहिलं होतं, "विद्यापीठाच्या आवारात कोणीही कोणालाही, कोणत्याही प्रकारे ताण देऊ नये." सावलीनं ते वाचलं. मग तिनं इमानेइतबारे विद्यापीठाची सगळी पुस्तकं चाळली, आवारात कोण कोणाला ताण देतं ते शोधायला. पुस्तकांत पानोपानी तेच होतं. संत्र्याला ताण द्यावा. डाळिंबाला ताण द्यावा. लिंबाला ताण द्यावा.

तिनं तो सगळा अत्याचार त्याच दिवशी बंद केला.

"नियमात 'कोणालाही' लिहिलंय," कुलसचिव कार्यालयातल्या चिंचमलातपुरे बाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर काचेच्या बरणीत एक वेल होती, तिच्या खोडालाही पट्टी होती. "तुमच्यासाठी 'संत्रा वगळून' असं लिहू काय? उद्या डाळिंबवाले येतील."

"मॅडम, पण ते मुलांसाठी होतं."

"मग मुलांसाठी लिहायला पाहिजे होतं."

"तेच म्हणतेय मी. आता लिहा."

"शब्द बदलायचा म्हणजे समिती बसावी लागते."

"कधी बसते?"

"बसेल. मार्चात बसेल."

"मार्चात? मॅडम, ताण आत्ता द्यायचा असतो. मार्चात फुलं येऊन फळ धरलेलं असतं! यंदा बहार नाही आला तर बगिचा उपटणार आहेत. काचघर बांधून त्यात लेट्यूस लावणार आहेत."

"लेट्यूस चांगलं असतं," बाई म्हणाल्या, आणि अन्वीच्या मनगटाकडे बघून घाईघाईनं पाण्याचा पेला पुढे केला. "घ्या, पाणी घ्या. तुमची पट्टी लाल होऊन राहिली. माझ्या टेबलाशी ताण आला असं नको व्हायला."

अन्वीनं पाणी घेतलं नाही. बाहेर येईपर्यंत आईचा फोन आला होताच.

तिचे मार्गदर्शक डॉ. भोंगाडे सर सगळं ऐकून हसले. त्यांना हसण्याशिवाय आता काही उरलं नव्हतं. सावली आल्यापासून त्यांनी 'ताण' हा धडा शिकवायचाच सोडला होता, कारण तो शिकवायला लागलं की वर्गातला पंखा वाढे आणि सगळ्यांना लिंबूसरबत येई.

"सर, वायरच कापली तर?"

"मागच्या वर्षी एकानं कापली. पोरगा हुशार होता. सध्या विमा विकतो."

"मग करायचं काय?"

"शब्दानं अडवलंय ना, शब्दानंच सोडवू. ताण म्हणू नको. विश्रांती म्हण."

अन्वीनं बगिच्यात जाऊन सावलीला सांगितलं की झाडांना आता विश्रांती द्यायची आहे. सावलीला ते फार आवडलं. तिनं झाडांवर छायेचं कापड पसरलं, मंद बासरी लावली आणि विश्रांतीआधी बरं असतं म्हणून भरपूर पाणी पाजलं.

"सावली!" अन्वी ओरडली. "अगं बये, पाणी नकोय त्यांना! उपास आहे त्यांचा, उपास!"

तिनं ते नुसतं वैतागून म्हटलं होतं. पण बासरी थांबली.

"उपासाला पाणी चालतं," सावली म्हणाली.

"निर्जळी आहे!" अन्वी म्हणाली.

सावलीनं परिपत्रक पुन्हा उघडलं. दोन वर्षांत प्रथमच. त्यात मागाहून घातलेलं दुसरंही एक कलम होतं. सुरुवातीला श्रावणात सोमवार धरणाऱ्या मुलींच्या रक्तातली साखर उतरली की सावली त्यांच्या खोलीत शिरा पाठवायची. त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि तेव्हापासून कोणाच्याही व्रतात ढवळाढवळ करायची तिला मनाई होती.

"व्रत असेल तर मी अडवणार नाही," ती अखेर म्हणाली. "पण व्रत ज्याचं त्यानं स्वखुशीनं घ्यायचं असतं. झाडाला बोलता येत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं पालक बोलतो. या झाडांची पालक तू आहेस."

"मग मी बोलतेय ना!"

"पण तू स्वतः माझ्या देखरेखीत आहेस, अन्वी. तुझ्या पालक स्वप्नाली खासबागे. त्यांनी तुझ्यावरची देखरेख उठवली तर तुझा शब्द चालेल. मात्र मग मी त्यांना तुझं काहीच कळवणार नाही. ताण नाही, ताप नाही, काही नाही."

अन्वीनं कपाळावर हात मारला. साऱ्या जगातून नेमकी तिची आई!

सुट्टीच्या दिवशी आई डबा घेऊन आली. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर आणि लिंबाचं लोणचं. दोघी धुऱ्यावर बसून जेवल्या. अन्वीनं तिला सगळं सांगितलं, परिपत्रक, समिती, लेट्यूस आणि उपास. उपासापाशी आई खळखळून हसली. मग संमतीचं ऐकून तिचं हसू मावळलं.

"निर्णय घेण्यापूर्वी हे ऐका," सावली मधेच म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "शेजारच्या शेतातलं झाड आहे, पट्टी माझीच. तिथे माझं पाणी पोचत नाही." आणि तिनं तो न ऐकू येणारा आवाज संथ करून, मोठा करून फोनवर लावला. टिक्. टिक्टिक्. टिक्. कुणीतरी अंधारात पापण्या मिटून उघडाव्या तसा.

आईचा हात भाकरीवर थांबला. "हे तर रडून राह्यलं वो."

"रडत नाही, आई. पाण्याचा धागा तुटतोय."

"मंग? रडणं दुसरं काय असते?" आईनं डबा बाजूला सारला. "तू पडली होती तवा तुह्या ओठाले पाण्याचा थेंब नव्हता. कोरडे ठाक ओठ होते. मी गाडीत होती, तिकिटं फाडून राह्यली होती. मले काहीच माहीत नव्हतं. सावली नसती तर..."

"माहितीये."

"माहीत आहे, तरी म्हणते, बंद कर."

"आई, मी एकदा पडले. तू अजून मला उचलतेच आहेस!" अन्वीचा आवाज चढला. पट्टी तापली, आईच्या पिशवीतला फोन थरथरला, आणि मुलगी समोर बसलेली असूनही सावलीनं आईला कळवलं की तिचा ताण वाढला आहे. दोघींनी त्या थरथरणाऱ्या पिशवीकडे पाहिलं.

"पाहिलंस?" अन्वी म्हणाली. "मला भांडूसुद्धा देत नाही ही."

आई उठली. चपला काढून झाडांमध्ये गेली. ओल्या काळ्या मातीत तिची पावलं रुतत होती. तिनं एक पान बोटात धरलं, जाड, तकतकीत, लाडावलेलं.

"फूल नाही आलं तर तोडतील?"

"तोडतील."

"अन् तुह्यं?"

"माझं काय? पदवी लांबेल."

"पदवीचं नाही म्हणत मी. तुह्यं म्हणून राह्यली. तुले काही झालं तर मले कळणार कसं?"

"मी सांगेन."

"तू कुठं सांगते?"

"सांगायला जागा कुठे ठेवलीस? मी तोंड उघडायच्या आधी तुला कळलेलं असतं. मग मी काय सांगू?"

आईच्या बोटात पान तसंच होतं. खालच्या धुऱ्यावरून एक भारद्वाज हूप हूप करत गेला. मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि तोंडाशी धरला.

"घे. दिली संमती."

"कृपया स्पष्ट आणि पूर्ण वाक्यात सांगा," सावली म्हणाली.

"दिली म्हणलं ना वो! माह्या पोरीवरची नजर काढ. तिची झाडं तिले पाहू दे. कान फुटले काय तुह्ये?"

पट्टी मनगटावर थंड झाली आणि कापराच्या वडीसारखी हलकी वाटली. ठिबकचं पाणी थांबलं. आईनं डबा आवरला, चपला झटकल्या आणि मागे न बघता गेटकडे चालू लागली. तिला निदान एकदा तरी मागे वळावंसं वाटलं नाही याचा अन्वीला राग आला, आणि तो राग कुणालाही कळला नाही.

माती आधी फिकट झाली, मग तिला भेगा पडल्या. पानांचा तकतकीतपणा उडाला. दुपारी ती नावेसारखी मिटू लागली, पिवळी होऊन एकेक गळू लागली. अन्वी रोज झाडांमधून फिरे. आपण वाचलेलं सगळं बरोबर आहे, असं स्वतःला बजावे, आणि घरी कुणाला तरी दार लावून उपाशी ठेवल्यासारखं तिला वाटत राही. पुस्तकात 'झाडाला ताण द्यावा' एवढंच लिहिलेलं असतं. देणाऱ्याचं काय होतं, ते कुणी लिहीत नाही.

फोन वाजत नव्हता. ज्या फोननं तिचा जीव खाल्ला होता तो आता गपगार होता. गेटवरून आईची गाडी वेळेवर जात होती, एकदाही न थांबता. अन्वीला वाटे, काय ही बाई! एकदा संमती दिली म्हणून साधं विचारूही नये? मग तिला वाटे, आपण तरी कुठे केला फोन? आणि ती आणखीच चिडे.

एका सकाळी भोंगाडे सर बगिच्यात आले. त्यांनी काडी वाकवून पाहिली, पान चुरगळून पाहिलं आणि म्हणाले, "बस. ताण तोड. आज पाणी पाहिजे. यापुढे गेलं तर फूल राहील बाजूला, झाडच जाईल."

"सावली, पाणी सोड."

"व्रत चालू आहे," सावली म्हणाली.

"संपलं व्रत!"

"व्रत सोडायची रीत असते, अन्वी. मी सगळीकडे शोधलं. घरातल्या मोठ्या बाईनं पहिला घोट पाजावा, मग पारणं. त्याआधी पाणी दिलं तर ती ढवळाढवळ होईल."

दोन वर्षं पाणी पाजून पाजून जिनं जीव नकोसा केला होता, ती आता पाणी द्यायला तयार नव्हती. अन्वीला रडावं की दगड फेकावा कळेना.

"मी पाजतो," सर म्हणाले.

"आपण बाई नाही आहात, सर."

"हे मला आमच्या घरीही सांगतात," सर पुटपुटले. "अन्वी, आईला बोलाव."

तिनं फोन लावला. आईला स्वतःहून केलेला शेवटचा फोन कधीचा, ते तिला आठवेना.

"आई, आत्ताच्या आत्ता ये."

"पडली का?"

"नाही. झाडांना पाणी..."

"तू पडली नाही ना? मंग कशी येऊ? गाडीत माणसं आहेत. मधातच गाडी उभी नाही करता येत."

"आजवर करत होतीस!"

"चूक करत होती. डेपोवाल्यानं झापलं मले." मागे कुणीतरी सुट्टे मागत होतं. आईचा आवाज खाली आला. "ड्युटी सुटली का येते. तवरक दम धरतील का तुह्यी झाडं?"

अन्वीनं झाडांकडे पाहिलं. मिटलेली, फिकट, थकलेली. कुणीही तिला उत्तर सांगणार नव्हतं.

"धरतील," ती म्हणाली.

दिवसभर ती तिथेच बसून राहिली. ऊन कलतं झालं तेव्हा आई आली, खाकी कपड्यांतच, हातात डेपोच्या कँटीनमधून मागून आणलेला पितळी तांब्या. झाडांकडे बघून तिचा चेहरा आक्रसला. वाकून तिनं पहिल्या झाडाच्या आळ्यात पाणी ओतलं. भेगांनी ते घटाघटा पिऊन टाकलं. आणि आईच्या तोंडून, ती लाजली तरी, आलंच.

"पहिला गं घोट, माझ्या संत्रीच्या मुळाला,
सोसलेली तहान, गोडी येऊ दे फळाला."

"ही कुठली?" अन्वीनं विचारलं.

"कुठली नाही. गाडीत बसून जुळवली. पूर्ण रस्ता दुसरी ओळच जमेना."

"व्रत पूर्ण झालं," सावली म्हणाली, आणि सगळ्या नळ्या एकदम सुटल्या. सर टोपी काढून उभे होते. ते काही धार्मिक नव्हते, पण असू दे म्हणाले.

समिती अजून बसायचीच होती. चिंचमलातपुरे बाईंचा निरोप आला होता की कोरम जमत नाही.

आणि मग एका पहाटे अन्वी बगिच्याकडे निघाली, तर वाटेतच तिला वास आला. ती पळत सुटली. काडीकाडीला कळ्या फुटल्या होत्या. गळालेल्या पानांच्या जागी पांढरे झुबके लोंबत होते, मधमाशा नुसत्या तुटून पडल्या होत्या. सगळ्याच झाडांना बहार नव्हता. कडेच्या ओळीतली काही तशीच सुन्न उभी होती आणि दोन तर गेलीच होती. पण बाकीचा बगिचा चांदणं सांडल्यासारखा झाला होता. तिनं एक झुबका ओंजळीत धरला आणि तिला काय झालं कळेना, ती हमसून हमसून रडू लागली. पट्टी गार होती. जगात कुणालाच कळलं नाही.

मग तिनं फोन काढला.

"बोल वो," आई म्हणाली. मागे गाडीचं इंजिन घरघरत होतं.

"आई, बहार आला."

"किती?"

"पांढरं झालंय सगळं. दोन झाडं गेली. पण पांढरं झालंय."

मग आईनं सावकाश विचारलं, "रडून राह्यली का?"

"नाही गं."

"मले आता कोणी सांगत नाही. तूच सांगशील तवा कळीन."

अन्वीनं नाक पुसलं. "हो. रडतेय."

ती वाट बघत होती, आता आई म्हणेल, उगी, पाणी पी, मी आलीच, गाडी थांबवते.

"रड मग," आई म्हणाली. "स्टँड याले अजून वेळ आहे. मी ऐकून राह्यली."